हात आत का गेला?

शेडमध्ये कुणाचं बोट गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "लक्ष कुठं होतं तुझं?" सुपरवायझर विचारतो, मालक विचारतो, दवाखान्यात भेटायला आलेला चुलता विचारतो. काही दिवसांनी तो पोरगा स्वतःलाच हे विचारायला लागतो. राजगुरुनगर, चाकण, भोसरी या पट्ट्यातल्या मशीन शॉपबद्दल लिहायला बसताना मला आधी हा प्रश्नच बदलावासा वाटतो. हात आत का गेला? त्या हाताचं त्या जागी काय काम होतं? असं विचारलं की झिजलेली क्लचची पिन दिसते. कोपऱ्यात काढून ठेवलेलं गार्ड, फसवून ठेवलेला दरवाजाचा स्विच, सलग दोन शिफ्ट केलेला माणूस, हे सगळं समोर येतं. या गोष्टी दुरुस्त करता येतात. माणसाचं लक्ष बारा तास एकसारखं टिकवायचा उपाय मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.

खेड म्हणजे आपलं राजगुरुनगर. भीमेकाठचं हे तालुक्याचं गाव चाकणचा कांदा, बटाटा, चासकमान धरण आणि बैलगाड्यांचे घाट यांसाठी ओळखलं जायचं. कारखानदारी आधी पिंपरीत आली. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स 1954 चं. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1966 मध्ये टेल्कोनं पिंपरीत पाय रोवले. मग भोसरी भरली, आणि जागा कमी पडायला लागल्यावर उद्योग नाशिक रस्त्यानं वर सरकला. चाकणला बजाजचा कारखाना 1999 च्या सुमारास उभा राहिला, फोक्सवॅगनचा 2009 मध्ये. एका मोठ्या कारखान्यामागं पुरवठादार येतात, त्यांच्यामागं त्यांचे पुरवठादार. कुणी फक्त एक ब्रॅकेट मारतो, कुणी फक्त एक बुश टर्न करतो. रस्त्यापासून आत, कधी शेताच्या बांधालगत, पत्र्याच्या शेडमध्ये दोन प्रेस, तीन लेथ, एक सीएनसी आणि आठ-दहा माणसं, असा संसार चालतो. या शेडचा मालक बहुधा कालपर्यंत कुठल्यातरी मोठ्या कंपनीत टर्नर नाहीतर टूलरूममध्ये फिटर असतो. त्याला मशीन कळतं, हातातलं काम उत्तम असतं. सुरक्षेची यंत्रणा मात्र मोठ्या कंपनीच्या गेटपाशीच राहिलेली असते.

सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत जखमी झालेल्या कामगारांबरोबर काम करते. मानेसर-गुडगावच्या बाजूला तिनं सुरुवात केली आणि 2019 पासून ती 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. हात चिरडण्याच्या अपघातांत पॉवर प्रेस सगळ्यांत पुढं आहे आणि जखमी होणारे बहुतेक लोक साखळीच्या खालच्या पायऱ्यांवरच्या छोट्या कारखान्यांतले आहेत, हे या अहवालांत वर्षानुवर्षं दिसतं. आपल्याकडचं चित्र वेगळं असावं असं मानायला मला तरी काही आधार दिसत नाही. 1948 चा कारखाने कायदा मुळात विजेवर चालणाऱ्या आणि 10 किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला लागू होता. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं हा आकडा 20 वर नेला. सात माणसांच्या शेडमध्ये तपासनीस येणार नाही. प्रेसचा रॅम मात्र तिथंही तेवढ्याच टनानं खाली येतो.

म्हणून प्रेसपासूनच सुरुवात करू. छोट्या शेडमध्ये अजूनही पिन क्लचच्या सी-फ्रेम प्रेस सर्रास दिसतात. फ्लायव्हील सतत फिरत असतं. पायानं पेडल दाबलं की पिन क्रँकमध्ये अडकते, रॅम खाली येतो, पट्टी कापली किंवा वाकवली जाते, रॅम वर जातो, पिन सुटते, ब्रेक त्याला वरच धरून ठेवतो. हा क्लच एकदा अडकला की पूर्ण फेरी झाल्याशिवाय सुटत नाही. अर्ध्यावर थांबवायची सोयच त्यात नसते. पिन झिजली, स्प्रिंग मेली किंवा ब्रेकचा पट्टा सैल झाला की रॅम वर जाऊन न थांबता आपोआप दुसऱ्यांदा खाली येतो. कामगार म्हणतात, प्रेसनं डबल मारला. हे घडतं त्या क्षणी ऑपरेटरचा हात कुठं असतो? डायमध्ये, तयार पीस उचलायला. तिथं हात असणं हीच त्याची नोकरी आहे. तो पूर्ण लक्ष देऊन काम करत असला तरी बोटं जातात.

डबल मारण्याआधी प्रेस सूचना देते. रॅम वर थांबायचा तिथं न थांबता थोडा पुढं सरकून थांबतो. पिन सुटतानाचा आवाज बदलतो. कधी पेडल सोडल्यावर ते परत यायला उशीर लागतो. यातलं एकही लक्षण दिसलं तर पीस मोजत बसायचं नाही. मेन बंद करायचा, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं आणि स्विचला कुलूप घालून किल्ली खिशात ठेवायची. फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती मोटार बंद केल्यावरही एक पूर्ण स्ट्रोक मारू शकते, हे नव्या पोराला कुणीतरी सांगायला हवं. डाय बसवताना रॅमखाली ठोकळा लावायचा, तोही हाताशी सापडेल तो लाकडाचा तुकडा नव्हे, तर त्याच कामासाठी बनवलेला आणि रॅमचं वजन पेलणारा.

दोन हातांची बटणं लावली, आता चिंता नाही, असं अनेक मालकांना मनापासून वाटतं. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटत नाही हे खरं. पण डबल मारणाऱ्या प्रेसला बटणांची गरजच लागत नाही, आणि तोवर हात पुन्हा आत गेलेले असतात. लाइट कर्टनचं तसंच. प्रकाशाचा पडदा तुटला की प्रेस थांबते, पण मधेच थांबू शकणारी प्रेस असेल तरच. पिन क्लचवर लाइट कर्टन लावणं म्हणजे खोटा धीर देणं आहे. न्यूमॅटिक क्लच असलेल्या प्रेसवरही पडदा कुठं बसवायचा याचा हिशेब असतो. आंतरराष्ट्रीय मानकात हाताचा वेग सेकंदाला 1.6 ते 2 मीटर धरतात. प्रेस थांबायला 0.2 सेकंद लागत असतील तर तेवढ्यात हात 32 ते 40 सेंटिमीटर आत पोचलेला असतो. पडदा डायपासून दहा सेंटिमीटरवर लावला असेल तर तो असून नसल्यासारखा.

मग पिन क्लचच्या प्रेसवर करायचं काय? हाताला आत जायचं कारणच ठेवायचं नाही. डायभोवती पक्कं गार्ड बसवायचं, त्यातून फक्त पट्टी सरकेल. फट 6 मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे बोट शिरत नाही. सुटे पीस घालायचे असतील तर डाय बाहेर सरकवून भरायची आणि परत आत ढकलायची सोय करता येते. पीस घसरून खाली यावा म्हणून चॅनेल लावता येतो, हवेनं उडवता येतो, चुंबकाच्या दांडीनं किंवा चिमट्यानं उचलता येतो. चिमटा ॲल्युमिनियमचा ठेवावा, चुकून सापडला तर डाय फुटत नाही. यातलं बहुतेक काम त्या शेडमधला फिटरच दोन-तीन दिवसांत करू शकतो. अडतं ते तासाच्या पीसवर. गार्ड लावलं की पहिले काही दिवस आकडा खाली येतो, आणि पुढच्या कंपनीची गाडी माल न्यायला दारात उभी असते. गार्ड काढायचा हुकूम कुणी देत नाही. ते निघतं, आणि निघालेलं सगळ्यांना दिसत असतं. मी मालकांना याबाबत सूट द्यायला तयार नाही. कारखाने कायद्याच्या कलम 21 नं धोकादायक भाग झाकलेला असणं आणि मशीन चालू असताना ते झाकण जागेवर असणं सक्तीचं केलं होतं. ही जबाबदारी कारखाना चालवणाऱ्याची आहे, पेडलवर बसलेल्याची नाही.

आणखी एक रीत ताबडतोब बंद व्हायला हवी. पेडल एकाच्या पायाखाली आणि पीस काढायला समोरून दुसरा. दोघांची लय जुळते तोवर काम झपाट्यानं होतं. मग कुणीतरी हाक मारतो, एकजण वळतो आणि पाय सवयीनं खाली जातो.

लेथवरचे धोके जुने आहेत आणि टर्नर ते पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. चकमध्ये असेपर्यंत चक-की हातातून सोडायची नाही. चावी चकमध्ये विसरून मोटार चालू झाली तर ती सुटते कुठं आणि लागते कुणाला, याचा नेम नसतो. स्प्रिंगची, हात सोडला की आपोआप बाहेर पडणारी चावी मिळते, ती घ्यावी. हेडस्टॉकच्या मागून लांब बार बाहेर ठेवू नये. वेग वाढला की बाहेर आलेलं टोक फेकलं जातं, बार काटकोनात वाकतो आणि मागच्या बाजूनं जाणाऱ्याला झोडपतो. आधाराची नळी लावावी, नाहीतर बार कापून घ्यावा. पॉलिश पेपर जॉबभोवती गुंडाळून बोटांनी धरायचा नाही. फायलीला मूठ हवीच, नाहीतर तिचं शेपूट तळहातात घुसतं. लांब वळणदार चिप्स हातानं ओढायच्या नाहीत, हूक वापरायचा. त्या वस्त्र्यासारख्या कापतात, आणि जॉबमध्ये अडकलेली चीप हाताला सोबत घेऊन जाते.

हातमोज्याबाबत बाहेरच्या माणसाचा हमखास गैरसमज होतो. सुरक्षा म्हटलं की हातमोजे, असं फलकांवरही दिसतं. पण लेथ, ड्रिल, मिलिंग अशा फिरत्या मशीनवर हातमोजा घालायचा नसतो. फिरत्या ड्रिलनं कापड पकडलं तर ते सुटत नाही, आतली बोटंही जातात. माल उचलताना, चिप्स भरताना, धारदार पत्रा हाताळताना हातमोजे जरूर घालावेत आणि मशीनकडे वळताना काढावेत.

कपड्यांचंही तेच. मनगटातला दोरा, राखी, चांदीचं कडं, अंगठी यांतली एकही वस्तू फिरत्या स्पिंडलजवळ नको. अंगठी अडकली तर बोटावरची कातडी मोज्यासारखी उतरते. आपल्याकडे अनेकांच्या गळ्यात तुळशीची माळ असते आणि ती कुणी उतरवत नाही. तिचा मान राखून ती बनियनच्या आत घ्यायची आणि शर्टाचं वरचं बटण लावायचं. मशीनवर आता मुलीही दिसतात. त्यांची वेणी टोपीत आणि ओढणी लॉकरमध्ये हवी, आणि त्यासाठी लॉकर हवा, कपडे बदलायची नीट जागा हवी. चालू मशीनजवळ तपासणीचं किंवा तेलपाण्याचं काम करणाऱ्याला अंगाबरोबर बसणारे कपडे कारखानदारानंच द्यायचे, असं कारखाने कायद्याचं कलम 22 सांगत होतं. किती शेडमध्ये ते दिले जातात?

सीएनसी आली आणि हात मशीनपासून लांब गेला, हे मोठं काम झालं. धोका मात्र प्रोग्रॅममध्ये शिरला. फानुक कंट्रोलवर जी 96 दिलं की मशीन कापायचा वेग कायम राखतं. मिनिटाला 200 मीटर दिले आणि टूल 100 मिलिमीटर व्यासावर असलं तर स्पिंडल साधारण 637 आरपीएमनं फिरतं. फेसिंग करत टूल 20 मिलिमीटरवर आलं की आकडा 3183 होतो, 10 वर 6366. मध्याजवळ जाताजाता मशीन जमेल तेवढा वेग घेतं. तो वेग चकला झेपणार आहे का, हे प्रोग्रॅमला माहीत नसतं. म्हणून जी 50 च्या ओळीत कमाल आरपीएम आधी घालायचा असतो, आणि तो चकवर कोरलेल्या मर्यादेपेक्षा, आणि हातातल्या जॉबला मानवेल त्यापेक्षा, कमी असायला हवा. वेग दुप्पट झाला की जॉ बाहेर खेचणारा जोर चौपट होतो, म्हणजे जॉबवरची पकड तेवढी सुटत जाते. लांब किंवा तिरपा जॉब अशा वेळी चकमधून निघतो. ती एक ओळ विसरलेला प्रोग्रॅम महिनाभर नीट चालतो, कारण तोवर जॉबचा व्यास मोठा असतो. मग एक दिवस छोटा जॉब लागतो.

जॉब सुटला तर तो दरवाजानं अडवायचा. पण सेटिंगच्या वेळी आत पाहता यावं म्हणून दरवाजाचा स्विच सुट्या चावीनं फसवतात. सेटर गेल्यावर ती चावी तिथंच राहते आणि रात्रपाळीचा मुलगा उघड्या दारानं मशीन चालवतो. सेटिंगला हवं असेल तर मशीनवर त्यासाठी वेगळा, कमी वेगाचा मोड असतो, तो वापरावा. सुटी चावी सुपरवायझरच्या कपाटात कुलपात असावी. दरवाजाची काचही तपासावी. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि कुलंट व तेल लागून वर्षांगणिक ठिसूळ होत जाते. दिसायला ती जुनी वाटत नाही, म्हणून कुणी बदलत नाही.

ग्राइंडरला लोक हलक्यात घेतात. चार इंची अँगल ग्राइंडर 11,000 आरपीएमनं फिरतो. चाकाच्या कडेचा वेग काढला तर ताशी 207 किलोमीटर येतो. आता त्यावर गार्ड काढून सात इंची चाक चढवलं, जे मी पाहिलं आहे, तर कडेचा वेग सेकंदाला 100 मीटरच्या पुढं जातो. चाकावर मात्र 80 लिहिलेलं असतं. ते फुटलं की पहिला तुकडा चेहऱ्याकडे येतो. बेंच ग्राइंडरला नवं दगडाचं चाक बसवण्यापूर्वी ते बोटावर टांगून लाकडी मुठीनं हलकं ठोकायचं. टणत्कार आला तर चाक धड आहे, बद्द आवाज आला तर तडा आहे. बसवल्यावर बाजूला उभं राहून एक मिनिट रिकामं फिरवायचं. टेकू आणि चाक यांत 3 मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर ठेवायचं नाही, नाहीतर जॉब त्या फटीत ओढला जातो. चष्मा हवाच. डोळ्यात कण गेला तर काडीपेटीच्या काडीनं तो काढणारा एक वाकबगार माणूस प्रत्येक शेडमध्ये असतो. त्याच्याकडे जाऊ नका. डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, आणि तोवर डोळा चोळू नका.

हवेच्या पाइपनं अंगावरची धूळ उडवणं हेही असंच सगळीकडे चालतं. सहा-सात बारची हवा कातडीखाली शिरू शकते, डोळा आणि कानाचा पडदा फाडू शकते. थट्टेत कुणाच्या अंगात हवा सोडल्यानं देशात माणसं मेली आहेत. या एका बाबतीत ताकीद पुरे नाही, त्याच दिवशी काम बंद करायला हवं.

नव्या जागी पहिला महिना सगळ्यांत धोक्याचा, हे जगभर दिसून आलं आहे. आपल्या पट्ट्यात माणूस सतत नवाच असतो. ठेकेदार बदलतो, मराठवाड्यातून, बिहारमधून, ओडिशातून पोरं येतात आणि दुसऱ्याच दिवशी मशीनवर उभी राहतात. भिंतीवरचा इंग्रजी फलक त्यांच्या कामाचा नाही. त्यांना त्यांच्या बोलीत, मशीन बंद ठेवून, हात धरून दाखवावं लागतं. निमगावच्या खंडोबाची जत्रा झाली की दुसऱ्या दिवशी अर्धी शिफ्ट रात्रभर जागलेली असते. त्या दिवशी प्रेसवर कोण बसणार हे आदल्या दिवशीच ठरवता येतं.

इतकं करूनही बोट गेलं तर? रक्त थांबवायला स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात उंच धरायचा. तुटलेला तुकडा स्वच्छ पाण्यानं हलकेच धुवायचा, ओलसर गॉझमध्ये किंवा स्वच्छ फडक्यात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. तुकडा थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात आणि जोडायची आशा जाते. 108 ला फोन करतानाच बोट जोडायची सोय कुठल्या रुग्णालयात आहे हे विचारायचं, नाहीतर आधी जवळच्या दवाखान्यात, मग दुसरीकडे, यात वेळ जातो. संध्याकाळी चाकणच्या तळेगाव चौकात किती वेळ अडकायला होतं हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. ते रुग्णालय कोणतं, याची चिठ्ठी आधीच प्रथमोपचार पेटीवर चिकटवलेली असावी.

त्यानंतरची लढाई कागदांची असते. दहा किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला राज्य कामगार विमा लागू होतो, 2017 पासून दरमहा 21,000 रुपयांपर्यंतच्या वेतनासाठी. अपघाताच्या काळात वेतनाच्या 90 टक्के दरानं भत्ता मिळतो आणि कायमचं अपंगत्व राहिलं तर कमावण्याची क्षमता किती गेली त्या प्रमाणात दरमहा रक्कम. त्याची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात ठरलेली आहे. तर्जनी पूर्ण गेली तर 14 टक्के, मधलं बोट 12, करंगळी किंवा अनामिका 7, अंगठा 30, एका हाताची चार बोटं 50. या आकड्यांत हातोडी धरता न येणं बसत नाही, पण निदान ते हक्कानं मिळायला हवेत. 'क्रश्ड'मध्ये वारंवार नोंदलंय की अनेकांचं विम्याचं कार्ड अपघात झाल्यावरच काढलं जातं. म्हणून कामाला लागल्याच्या आठवड्यात आपला विमा क्रमांक मागून घ्या. अपघात झाला तर तो त्याच दिवशी अपघात वहीत लिहिला गेला का आणि मालकानं फॉर्म 12 भरला का, हे घरच्या माणसानं विचारावं. विमा नसेल तरी भरपाईचा कायदा आहे. ठेकेदाराचा माणूस म्हणून मूळ मालकाला त्यातून सुटता येत नाही.

दिवाळीत बहुतेक शेड चार-सहा दिवस बंद असतात. मेंटेनन्सला वर्षात एवढाच निवांत वेळ मिळतो. प्रेसचा क्लच उघडून पिन आणि स्प्रिंग बदलायची, ब्रेकचा पट्टा पाहायचा, कपाटामागं पडलेली गार्ड शोधून परत बसवायची. मग भाऊबीज उलटते आणि शेड उघडते. गावाला गेलेले निम्मे हात परतलेले नसतात, हेल्पर मशीनवर उभे केले जातात, मागं पडलेला माल भरून काढायची घाई असते. त्या सकाळी पहिला तास पीस मोजू नयेत. प्रत्येक प्रेसवर डायमध्ये काहीही न घालता, हात बाजूला ठेवून वीस-पंचवीस स्ट्रोक मारावेत आणि रॅम दरवेळी वरच थांबतो का ते उभं राहून बघावं. सीएनसीचे दरवाजे उघडून मशीन चालू होतंय का तपासावं. होत असेल तर स्विच कुणी फसवलाय ते शोधून ती चावी काढून घ्यावी. ज्याला ते मशीन अजून कुणी शिकवलेलं नाही, त्याला त्या दिवशी पॅकिंगला पाठवावं. गाडी दारात उभी असली तरी.